सुधारलेली यंत्रे आणि पुसलेला पुरावा

१/१८
जुने सीडी प्लेअर विकत घ्यायचे, त्यांचे झाकण उघडायचे, आतले मूळ भाग काढून नवे बसवायचे आणि यंत्राचा आवाज आता 'मोकळा' झाला असे जाहीर करायचे, हा छंद युरोप, जपान आणि अमेरिकेत गेली अनेक वर्षे जोमात आहे. या छंदाने स्वतःसाठी एक इतिहासही रचला आहे. फिलिप्सच्या अभियंत्यांनी तडजोडी केल्या, जमाखर्च सांभाळणाऱ्यांनी त्यांचे हात बांधले, आणि चाळीस वर्षांनी हौशी मंडळींनी त्या यंत्रांना न्याय दिला, असे तो इतिहास सांगतो. हा इतिहास बहुतांशी चुकीचा आहे. त्याच्या भरवशावर खरी साधने नष्ट होत आहेत, म्हणून त्याचा समाचार घेणे आवश्यक आहे.

२/१८
प्रथम वादाची सीमा आखली पाहिजे. बंद पडलेले यंत्र दुरुस्त करणे ही एक गोष्ट आणि चालू यंत्राची रचना बदलणे ही दुसरी. सुकलेला कपॅसिटर काढून त्याच मापाचा नवा लावणारा माणूस यंत्राचे आयुष्य वाढवतो. त्याच्याशी कोणाचेही भांडण नाही. डिजिटल फिल्टर उपटून टाकणारा, मूळ निर्गम मंडल कापून तेथे व्हॉल्व्ह बसवणारा माणूस मात्र वेगळे काम करतो. जुन्या पोथीत स्वतःचे श्लोक घुसवणाऱ्या लेखनिकाचे ते काम आहे, आणि अशा श्लोकांना अभ्यासक 'प्रक्षिप्त' म्हणतात. नवा श्लोक मूळ श्लोकापेक्षा सुंदर असला, तरी तो प्रक्षिप्तच राहतो.

३/१८
आता मूळ कथेकडे. ८ मार्च १९७९ रोजी नेदरलँड्समधील आयंडहोवन येथे फिलिप्सने पत्रकारांपुढे आपल्या लहान चकतीचे पहिले प्रात्यक्षिक केले. तेव्हाच्या आराखड्यात प्रत्येक नमुना १४ बिटचा होता. त्यानंतर सोनीशी सहकार्य सुरू झाले. सोनीने १६ बिटचा आग्रह धरला आणि १९८० साली ठरलेल्या मानकात तो मान्य झाला. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा, असा निर्णय झाला. मात्र आकड्यांचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारी, म्हणजे 'डॅक' या नावाने ओळखली जाणारी, फिलिप्सची चिप टीडीए-१५४० ही १४ बिटचीच होती. हौशी मंडळींची तडजोडीची दंतकथा येथून सुरू होते.

४/१८
पण त्या काळची मुख्य अडचण बिटांच्या संख्येपुरती नव्हती. नमुन्यांवरून ध्वनी परत उभा केला की मूळ स्वराबरोबर त्याच्या प्रतिमाही उमटतात. ४४,१०० नमुन्यांच्या पद्धतीत २०,००० हर्ट्झच्या स्वराची पहिली प्रतिमा २४,१०० हर्ट्झवर येते. स्वर ठेवायचा आणि प्रतिमा गाळायची, आणि दोहोंत अंतर एवढेच. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीस आलेल्या सोनीच्या सीडीपी-१०१ या यंत्रात हे काम डॅकनंतरच्या अतिशय उभ्या उताराच्या ॲनालॉग फिल्टरवर सोपवले होते. त्या यंत्रात डाव्या-उजव्या वाहिन्यांना मिळून एकच डॅक आळीपाळीने वापरला जाई. त्यामुळे दोन वाहिन्यांत सुमारे ११ मायक्रोसेकंदांचा फरक पडे.

५/१८
फिलिप्सने वेगळी वाट धरली. सीडी-१०० या त्यांच्या पहिल्या यंत्रात डॅकच्या आधी एसएए-७०३० ही चिप बसवली होती. दर दोन नमुन्यांच्या दरम्यान ती गणिताने आणखी तीन नमुने काढी. सेकंदाला ४४,१०० ऐवजी १,७६,४०० नमुने तयार होत. २०,००० हर्ट्झच्या स्वराची उरलेली पहिली प्रतिमा आता थेट १,५६,४०० हर्ट्झवर जाई, आणि मधल्या प्रतिमा आकड्यांच्या पातळीवरच गाळल्या जात. पुढे सौम्य उताराचा साधा ॲनालॉग फिल्टर पुरे होई. यालाच ओव्हरसॅम्पलिंग म्हणतात. घरगुती यंत्रात, एका लहानशा चिपवर हे गणित बसवणे ही १९८२ साली मोठी झेप होती.

६/१८
आणि १४ बिटांचे काय? येथे त्या अभियंत्यांची खरी हिकमत दिसते. फिल्टरमधून येणारा आकडा लांब असतो, तो १४ बिटांत बसवताना काही भाग तुटतो. हा तुटलेला भाग फेकून न देता पुढच्या नमुन्याच्या हिशेबात धरला जाई, जसा बेरजेत हातचा धरतात. त्यामुळे चुकीचा गोंगाट ऐकू येणाऱ्या पट्ट्यातून वरच्या, ऐकू न येणाऱ्या पट्ट्यात ढकलला जाई. १४ बिटांचे ८४ डेसिबल, चौपट नमुन्यांमुळे ६ आणि या हातच्याच्या युक्तीमुळे आणखी ७, असा एकूण ९७ डेसिबलचा हिशेब गोएडहार्ट, व्हॅन डी प्लाशे आणि स्टिकव्होर्ट यांनी १९८२ साली 'फिलिप्स टेक्निकल रिव्ह्यू'मध्ये मांडला. १६ बिटांची तात्त्विक मर्यादा याच घरातली आहे.

७/१८
म्हणजे ज्या यंत्राला '१४ बिटचे, म्हणून उणे' म्हटले जाते, ते १६ बिटांच्या जवळपासची कामगिरी देत होते. त्याच्या पोटात डाव्या-उजव्या वाहिन्यांसाठी दोन स्वतंत्र डॅक होते. आकड्यांच्या पाटीवर वरचढ दिसणाऱ्या १६ बिटच्या प्रतिस्पर्ध्यापाशी एकच होता. यातून कोणते यंत्र श्रेष्ठ हा निवाडा करायचा नाही. दोन्ही कंपन्यांनी एकाच अडचणीला दोन उत्तरे दिली आणि दोन्ही उत्तरे विचारपूर्वक दिली होती. पण 'अभियंत्यांना जे जमले नाही ते हौशींनी साधले' या कथेला मात्र येथे पहिला तडा जातो.

८/१८
पुढचा टप्पा १९८० च्या दशकाच्या मध्यास आला. टीडीए-१५४१ ही १६ बिटची, दोन्ही वाहिन्या एकाच तुकड्यावर सामावणारी चिप. तिचे मूळ रूडी व्हॅन डी प्लाशे यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या कल्पनेत आहे. डॅकमध्ये विद्युत्प्रवाहाचे पुन्हा पुन्हा अचूक निम्मे भाग पाडावे लागतात, आणि सिलिकॉनवर दोन भाग तंतोतंत सारखे कधीच पडत नाहीत. व्हॅन डी प्लाशे यांचे उत्तर शेतकऱ्याला चटकन कळेल. दोन भावांच्या वाट्यातले शेत थोडे कमीजास्त असेल, तर दरसाल वाटे पालटावेत, म्हणजे सरासरीत कोणावर अन्याय होत नाही. चिपमध्ये हीच अदलाबदल अतिशय वेगाने होते. राहिलेला चढउतार चिपभोवतीचे १४ लहान कपॅसिटर गिळतात.

९/१८
या चिपच्या सुधारित आवृत्तीतील निवडक तुकड्यांवर मुकुटाचे चिन्ह आणि 'एस-१' अशी खूण छापली जाई. ते तुकडे अधिक काटेकोर चाचणीतून निवडलेले असत. खूण एवढेच सांगे. हौशी बाजाराने मात्र त्या मुकुटाचा देव्हारा केला. उत्पादन बंद झाल्यावर भाव चढले. साध्या चिपवरचा मजकूर घासून वर मुकुट छापलेले बनावट तुकडे बाजारात फिरू लागले. चालू अवस्थेतली धडधाकट यंत्रे केवळ ती एक चिप काढण्यासाठी मोडली जाऊ लागली. एका चिपसाठी संपूर्ण यंत्र मोडणे म्हणजे एका मोहरेसाठी सबंध बखर फाडणे होय. आणि त्या मोडलेल्या यंत्रांतूनच मग 'अस्सल जुना आवाज' देणारी नवी पेटी तयार होते.

१०/१८
येथे प्रतिपक्षाचे सर्वांत समर्थ म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमधील र्योहेई कुसुनोकी यांनी ओव्हरसॅम्पलिंगच काढून टाकावे असा विचार मांडला. डिजिटल फिल्टरमुळे तीव्र आघाताच्या आधी आणि नंतर बारीक कंप उमटतात. फिल्टर काढला तर आघात स्वच्छ दिसतो, आणि काळाच्या दृष्टीने ध्वनी अधिक खरा राहतो, असा हा युक्तिवाद आहे. तो बाष्कळ नाही. दोलनदर्शकावर ते कंप खरोखर दिसतात. या विचाराने प्रेरित होऊन असंख्य जुन्या यंत्रांतून एसएए-७२२० ही फिल्टर चिप काढली गेली आणि टीडीए-१५४१ ला थेट नमुने पाजले गेले.

११/१८
पण हिशेबाची दुसरी बाजूही वाचावी लागते. फिल्टर नसताना प्रत्येक नमुना पुढचा येईपर्यंत पायरीसारखा धरून ठेवला जातो. या पायऱ्यांमुळे १०,००० हर्ट्झवर सुमारे ०.७५ आणि २०,००० हर्ट्झवर सुमारे ३.२ डेसिबल इतका आवाज घटतो. शिवाय २४,१०० हर्ट्झवरची प्रतिमा मूळ स्वरापेक्षा जेमतेम दीड डेसिबलने खाली, जवळपास तितक्याच जोराची, पुढे ॲम्प्लिफायरकडे जाते. ती स्वतः ऐकू येत नाही. पण पुढचे मंडल पूर्णतः सरळ नसेल तर स्वर आणि प्रतिमा यांच्या फरकाचा, म्हणजे ४,१०० हर्ट्झचा, मूळ संगीतात नसलेला स्वर कानाच्या सर्वांत तीक्ष्ण पट्ट्यात उमटू शकतो. ज्या कंपांच्या भीतीने फिल्टर काढला, ते कंप मात्र श्रवणमर्यादेच्या काठावरचे असतात.

१२/१८
कोणाला हा किंचित मवाळ, वरच्या स्वरांत उतरलेला आवाज आवडत असेल तर आवडो. रुचीवर खटला चालत नाही. आक्षेप त्याला 'मूळ', 'शुद्ध' किंवा 'जुन्या काळचा' म्हणण्याला आहे. फिलिप्सच्या पहिल्या यंत्रातच ओव्हरसॅम्पलिंग होते. म्हणून १९८३ साली युरोपात फिलिप्सचा सीडी प्लेअर घरी आणणाऱ्या एकाही श्रोत्याने तो फिल्टरविना ऐकलेला नव्हता. हा आवाज त्या काळाचा नसून नंतरच्या काळाने त्या काळाच्या नावावर चढवलेला आहे. शिवाय काढली जाते ती नेमकी कोणती वस्तू? ज्या कल्पनेमुळे ते यंत्र इतिहासात उल्लेखनीय ठरले, तीच. किल्ल्याची डागडुजी म्हणून त्याचा महादरवाजा काढून टाकावा, तसा हा प्रकार आहे.

१३/१८
याहून ठोस नुकसान एका विसरलेल्या सोयीचे होते. सुरुवातीच्या काळातील काही चकत्या, विशेषतः जपानी चकत्या, वरचे स्वर मुद्दाम चढवून मुद्रित केलेल्या आहेत. ही चढ १०,००० हर्ट्झवर सुमारे ७.६ आणि २०,००० हर्ट्झवर सुमारे ९.५ डेसिबल असते. चकतीवरची खूण वाचून प्लेअरने ती परत उतरवायची, असा मानकातच करार आहे. फिलिप्सच्या त्या पिढीत हे काम डॅकनंतरच्या ॲनालॉग मंडलात होई. हौशी कारागीर ते मंडल 'ध्वनीच्या वाटेतला अडथळा' म्हणून कापतो, आणि त्याबरोबर हा करारही मोडतो. मग त्या चकत्या कर्कश वाजतात आणि दोष मात्र चकतीला, किंवा 'सुरुवातीच्या डिजिटल काळाला' दिला जातो. एक साधन बिघडवून दुसऱ्या साधनाची साक्ष खोटी ठरवली जाते.

१४/१८
'पण कानांना फरक कळतो' हे यावरचे शेवटचे उत्तर असते. कान साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराची उलटतपासणी व्हावी लागते. डेसिबलच्या दोन-तीन दशांशांची वाढ 'मोठा आवाज' म्हणून न जाणवता 'अधिक स्पष्ट आवाज' म्हणून जाणवते. ज्याने रात्र जागून सोल्डर केले, त्याला फरक ऐकू आला नाही तरच नवल. २००७ साली मेयर आणि मोरन यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आपली चाचणी प्रसिद्ध केली. उच्च दर्जाच्या मुद्रणाच्या वाटेत सीडीच्या मापाचा १६ बिटचा टप्पा घातला आहे की नाही, हे न सांगता ओळखायचे होते. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवल्याइतकीच. सगळे जुने प्लेअर सारखेच वाजतात असे यातून सिद्ध होत नाही. पातळी जुळवून आणि डोळे झाकून न घेतलेल्या साक्षीला किती वजन द्यावे, एवढे मात्र कळते.

१५/१८
एक आक्षेप इतिहासाचाच आधार घेतो: बदल करणे हाही त्या यंत्रांच्या परंपरेचा भाग नाही काय? आहे. १९८० च्या दशकात ब्रिटनमधील मेरिडियनने फिलिप्सचेच यंत्र पायाभूत घेऊन, त्याच्या मंडलांत बदल करून एमसीडी हा आपला प्लेअर बाजारात आणला. १९९० च्या दशकात मॅरँट्झने केन इशिवाटा यांच्या नावाने सुधारित आवृत्त्या विकल्या. पण ही उदाहरणे आक्षेपाच्या विरुद्धच साक्ष देतात. त्या यंत्रांवर वेगळे नाव होते, वेगळा क्रमांक होता, बदलाची जबाबदारी घेणारी संस्था होती. ती उघडपणे नवी आवृत्ती होती. मूळ नावाच्या पाटीखाली निनावी हाताने केलेला, कोठेही न नोंदलेला बदल या परंपरेत बसत नाही.

१६/१८
दुसरा आक्षेप मालकीचा: ज्याचे यंत्र, त्याची मर्जी. कायद्याने हे खरेच आहे. पण ज्यांच्या माळ्यावर जुनी दफ्तरे होती, त्यांचीही ती कायदेशीर मालमत्ताच होती. त्यांतली कित्येक रद्दीत गेली, कित्येक पाण्यात भिजली, आणि आज अभ्यासक त्यांच्यासाठी हळहळतात. कारखान्यातून हजारोंनी निघालेल्या वस्तूचे कोणाला मोल वाटत नाही, म्हणूनच अशा वस्तू एक दिवस अचानक दुर्मीळ होतात. टीडीए-१५४० आणि टीडीए-१५४१ आता कोणी बनवत नाही. जे नमुने उरले आहेत तेच उरले आहेत. मालकाला हक्क आहे, पण त्या हक्काच्या वापराला इतिहासाची सेवा म्हणवून घेण्याचा हक्क त्याला नाही.

१७/१८
मग करावे काय? यंत्रे काचेच्या कपाटात मरू द्यावीत असे कोणीही म्हणत नाही. वाजणारे यंत्र हेच पूर्ण साधन. विद्युत पुरवठ्यातले सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलावेत. फिलिप्सच्या सुरुवातीच्या पाट्यांवर दोन बाजू जोडणाऱ्या बारीक नळ्यांचे सांधे सुटतात, ते पुन्हा सोल्डर करावेत. यांत्रिक भाग स्वच्छ करावेत. प्रत्येक बदलाची तारीख, भागाचे मूळ मूल्य आणि नवे मूल्य लिहावे. उघडण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. काढलेला प्रत्येक मूळ भाग पिशवीत घालून यंत्रासोबतच ठेवावा. प्रयोगच करायचा असेल, तर आधीच मोडलेल्या यंत्रावर करावा, किंवा जुन्या यंत्राच्या डिजिटल निर्गमाला, असल्यास, वेगळा नवा डॅक जोडावा. मूळ यंत्राला हातही लागत नाही आणि हौसही भागते.

१८/१८
आयंडहोवनच्या त्या अभियंत्यांनी १४ बिटच्या चिपला १६ बिटांच्या तोडीचे काम करायला लावले, ते ज्या फिल्टरच्या बळावर, तो फिल्टर आज 'अडथळा' म्हणून कचऱ्याच्या डब्यात जातो. त्यांचा विचार समजून न घेता त्यांच्या यंत्राला सुधारणे हे धाडस आहे, आणि सुधारलेल्या यंत्राला मूळ म्हणून पुढच्या पिढीच्या हाती देणे ही दिशाभूल आहे. पन्नास वर्षांनी एखादा विद्यार्थी विचारेल, १९८३ साली लोकांनी पहिल्यांदा सीडी ऐकली तेव्हा त्यांना नेमके काय ऐकू आले? त्याला उत्तर द्यायला निदान काही यंत्रे, जशी कारखान्यातून निघाली तशीच, वाजत्या अवस्थेत शिल्लक असली पाहिजेत. आज कोणाच्या तरी टेबलावर झाकण उघडून पडलेले, अद्याप न कापलेले यंत्र कदाचित त्यांपैकीच एक असेल.